हळदीच्या पोत्याच्या पोटात काय आहे?

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला मी मायक्रोवेव्ह इमेजिंगचा, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरींनी वस्तूच्या आतलं चित्र काढायचा प्रोजेक्ट घेतला तेव्हा सरांनी एकच अट घातली: थर्माकोलच्या ठोकळ्यात खिळा लपवून दाखवायचा नाही, खरी वस्तू आणायची. सांगलीत खरी वस्तू म्हणजे हळदीचं पोतं. मार्केट यार्डात ओळखीचे एक आडते आहेत, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. वर चांगली हळकुंडं आणि पोटात खडे नाहीतर ओला माल, हा प्रकार त्यांना नवा नाही. त्यांनी गोदामाचा एक कोपरा दिला आणि वर बजावलं, "पोतं फाडायचं न्हाई."

फाडायची गरजच नव्हती. मायक्रोवेव्ह लहरी ताग आणि सुकी हळद यांतून आरपार जातात आणि आतला पदार्थ जिथे बदलतो तिथून थोड्या परत फिरतात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडची घंटा याच जातीच्या लहरींनी वाजवली होती. मला घंटा नको होती, चित्र हवं होतं, आणि सगळी कटकट तिथेच सुरू होते.

लहरी पाठवून त्या कशा परत येतात हे मोजणारा प्रयोगशाळेतला मोठा नेटवर्क अॅनालायझर बाहेर नेता येत नाही. म्हणून हातात मावणारा, ६ गिगाहर्ट्झच्या थोडा वर जाणारा अॅनालायझर ऑनलाइन मागवला. शेजारी शेजारी दोन विवाल्डी अँटेना (रुंद पट्ट्यात चालणारे चपटे अँटेना) लावले, एक पाठवणारा आणि एक ऐकणारा. चौकट मुद्दाम प्लायवूडची केली, कारण लोखंडी चौकट स्वतःच चित्रात चमकते. जुन्या थ्रीडी प्रिंटरच्या मोटरी अँटेना सरकवायच्या.

२ ते ६ गिगाहर्ट्झ म्हणजे ४ गिगाहर्ट्झचा पट्टा. त्यावर हवेत खोलीचा बारकावा मिळतो ३.७५ सेंटिमीटर, म्हणजे एकामागे एक असलेल्या दोन वस्तू त्याहून जवळ असतील तर वेगळ्या दिसत नाहीत. ६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ सेंटिमीटर. लहर जाऊन परत येणार, म्हणून अँटेना तिच्या पाव भागाने, सव्वा सेंटिमीटरने सरकवायचा. ६० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात २४०१ ठिकाणं झाली. दर ठिकाणी थांबा, सगळ्या वारंवारता मोजा, पुढे सरका. एक पोतं म्हणजे अर्धी दुपार, आणि मध्येच लाइट गेली की पहिल्यापासून.

छळलं ते केबलनी. अँटेना सरकला की केबल वाकते, वाकली की फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर पोचते ते, बदलतो, आणि चित्र तर सगळं फेजवरच उभं. जाड केबल एका मोठ्या वळणात वरून टांगली तेव्हा कुठे आकडे स्थिरावले.

पहिल्या चित्रात फक्त पोत्याचं कातडं दिसलं. पृष्ठभागावरचा प्रतिध्वनी सगळ्यात जोरदार असतो, आतलं त्याखाली बुडतं. आधी रिकाम्या चौकटीचं मोजमाप वजा केलं, मग पृष्ठभागावरून आलेला भाग वेळेनुसार कापला.

तरी सगळं अस्पष्टच, कारण हळदीत लहर किती मंदावते हेच माहीत नव्हतं. यावरचा उपाय मला अख्ख्या प्रोजेक्टात सगळ्यात आवडला. पोतं २५ सेंटिमीटर जाड. त्याच्यामागे पत्रा उभा केला. पोतं मध्ये आलं की पत्रा होता त्यापेक्षा १३ सेंटिमीटर मागे दिसू लागला, म्हणजे लहर दीडपट मंद. हा आकडा प्रोग्रामात घातला. मग आतल्या प्रत्येक बिंदूसाठी सगळ्या जागांवरचे प्रतिध्वनी योग्य तेवढे मागे सरकवून त्यांची बेरीज केली. खरं काही असेल तिथे ते एकमेकांना जोर देतात, नसेल तिथे खोडतात.

मी पोत्यात मुठीएवढा दगड ठेवला होता. तो दिसला, पण फिकट. त्याच्या खाली एका बाजूला मात्र मोठा, ठळक डाग, जो मी ठेवलेला नव्हता. अण्णांनी स्वतः दोरा उसवला, हात घातला आणि म्हणाले, "ही वल्ली हाय की रं!" पाण्याचा परावैद्युतांक (पदार्थ लहरीला किती मंदावतो हे ज्यावर ठरतं तो आकडा) ८०च्या आसपास, दगडाचा त्यामानाने फारच कमी, म्हणून ओल दगडाहून उठून दिसते.

त्यांनी लगेच विचारलं, सांगलीजवळच्या हरिपूरची, हळद साठवायची जमिनीतली बुजलेली पेवं यानं सापडतील का? नाही सापडणार. जी ओल पोत्यात आम्हाला उपयोगी पडली तीच जमिनीत या लहरी वरच्या थरातच गिळून टाकते. तिथे कितीतरी कमी वारंवारतेचा जमीन-रडार लागतो, आणि ओली काळी माती त्यालाही जड जाते.

तोंडी परीक्षेत तिन्ही बाजूंनी फिरणारं चित्र सगळ्यांना आवडलं. अण्णांना ते नकोच आहे. त्यांना पोतं ओलं की सुकं एवढंच, तेही हमाल पोतं उतरवेपर्यंत कळायला हवं. म्हणून आता मोटरी काढून टाकल्यात. पोत्याच्या एका बाजूला एक अँटेना, समोर दुसरा. ओल असली की लहर जास्त मंदावते, म्हणून ती पलीकडे पोचायला किती उशीर झाला तेवढंच मोजायचं.