मृगाआधी पुस्तकांचे गठ्ठे

मे अखेर, रत्नागिरी

मृग तोंडावर आला. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढून गठ्ठे घरात ठेवलेल्या प्रत्येकाने ते या आठवड्यात आवरायला हवेत. छापील पुस्तक की ई-बुक, याचा हिशेब किनारपट्टीवर वेगळा मांडावा लागतो, कारण इथे चार महिने हवाच ओली असते.

डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) 160 पानांचं पुस्तक म्हणजे 16 पानी 10 फर्मे, म्हणजे घडी घालून 16 पानं होणारे 10 मोठे छापील ताव. आत 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) वजनाचा मॅपलिथो हा छपाईचा साधा पांढरा कागद आणि 300 जीएसएमचं कव्हर धरलं तर एक प्रत साधारण 190 ग्रॅम भरते. कव्हरला बाहेरून लॅमिनेशन, म्हणजे प्लास्टिकची पातळ फिल्म असते, आतून कागद उघडा. जुलैत हा उघडा कागद ओल पिऊन फुगतो, बाहेरची फिल्म मात्र तेवढीच राहते. मग कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं आणि नवी कोरी प्रत हाताळलेली वाटू लागते. कागदाचे तंतू पुस्तकाच्या पाठीला (बांधणीच्या कडेला) समांतर असतील तर हा त्रास बराच कमी होतो. आडवे असतील तर पानं पाठीपाशी लाटांसारखी होतात आणि बांधणीवर ताण येतो. प्रेसवाल्याला हे कागद कापण्याआधीच सांगायचं. नंतर उपाय नाही.

गठ्ठे कोरड्या दिवशी, सिलिका जेलच्या पुड्या घालून, प्लास्टिकमध्ये बंद करावेत. पाऊस लागल्यावर मात्र हे करू नये. तोवर कागदात शिरलेली ओल आतच कोंडते, आणि सापेक्ष आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. खोकी जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवावीत. कसर लागते ती बहुधा न हलवलेल्या गठ्ठ्यांना, म्हणून श्रावणात उघडीप मिळाली की एकदा बघून घ्यावं.

ई-बुकला यातलं काही नाही, पण त्याची कीड फाइलमध्ये असते. जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची संगणकीय पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला की 'स्थिती'ची वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, 'डोंगरदऱ्या'चं 'डोंगरदर्या' होतं. हे शुद्धलेखन तपासणीत सगळं सापडत नाही. डोळ्यांनी ओळ न् ओळ वाचावी लागते. ईपबमध्ये, म्हणजे ई-बुकच्या फाइलमध्ये, भाषा मराठी अशी नोंदवली आणि तशी सोय असलेला फॉन्ट आत घातला, तरच ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. एवढ्या साध्या गोष्टीसाठी वाचकाला परकं वळण वाचायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

करातही फरक आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-बुकवर छापील आवृत्ती असेल तर 5 टक्के, नसेल तर 18. ही सवलत 2018 पासूनची. म्हणूनही कागदावरची आवृत्ती आधी काढलेली बरी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दोन्हींना वेगवेगळा घ्यायचा, तो आपल्याकडे फुकट मिळतो. टपालासाठी 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट ही टपाल खात्याची पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि वर कर. वरची 190 ग्रॅमची प्रत पाकिटासकट त्यात बसते. पानं 250च्या आसपास गेली की पुढचा टप्पा लागतो.

माझं मत पेपरबॅकच्या बाजूचं आहे. गणपतीला आलेला चाकरमानी पुस्तक हातात घेऊन, चार पानं चाळून विकत घेतो, आणि गावातली वाचनालयं अजून कागदावरच चालतात. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय तर 1828 पासूनचं. मस्कत-दुबईतल्या वाचकाला मात्र ई-बुकच परवडतं, तिथवर प्रत पाठवायचा खर्च पुस्तकाच्या किमतीहून जड होतो. त्यामुळे दोन्ही काढावीत, पण ऑफसेटवर (प्लेट करून होणाऱ्या मोठ्या छपाईत) 500 प्रती स्वस्त पडतात म्हणून 500 छापू नयेत. डिजिटलवर, म्हणजे प्लेटशिवाय थेट फाइलवरून, 100 काढाव्यात, प्रत थोडी महाग पडली तरी. दिवाळीपर्यंत खपतील तेवढ्याच मेमध्ये घ्याव्यात. पुढच्या 100 पाऊस सरल्यावर, तोवर सापडलेले मुद्रणदोष दोन्ही फाइलींत दुरुस्त करून.