टूरिस्ट म्हणून जाऊन थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा: अडतं ते बँकेत

पुण्यात व्हिसाचं काम करणारे हा मार्ग सोपा म्हणून विकतात. वय पन्नासच्या पुढे, विमानाने बँकॉक, खात्यात आठ लाख बाट, शिक्का, झालं. कागदावर हे खरंही आहे. फक्त ते खातं उघडायचं कसं, हे कुणी सांगत नाही. टूरिस्टला बँक सहसा खातं देत नाही, आणि खात्यात पैसे दिसल्याशिवाय इमिग्रेशन व्हिसा बदलून देत नाही. सगळा घाम इथेच निघतो. राहायला हुआ हिन, चियांग माई वगैरे शहरं छान आहेत, पण ते कुणीही सांगेल.

आधी दिवसांचा हिशोब. जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस मिळू लागले. हा नियम बदलता असतो, त्यामुळे तिकीट काढण्याआधी पुन्हा बघा. ३० दिवसच मिळणार असतील तर या मार्गाच्या नादी लागू नका. अर्ज देताना किमान १५ दिवस शिल्लक लागतात, काही कार्यालयं २१ मागतात. म्हणजे हातात पाच-सहा आठवडेच.

उतरल्यावर पहिलं काम घर, आणि घर म्हणजे टीएम ३०. परदेशी माणूस राहायला आल्याची ही नोंद घरमालकाने २४ तासांत करायची असते. बरेच मालक टाळाटाळ करतात. भाडं ठरवतानाच विचारा, आणि पावती देत नसेल तर ते घर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. ही पावती बँकेतही लागते आणि इमिग्रेशनमध्येही. त्याच दिवशी स्वतःच्या पासपोर्टवर थाई सिम घ्या.

आता बँक. एकाच बँकेची एक शाखा नाही म्हणते आणि दोन स्टेशनं पुढची हो म्हणते. सगळं मॅनेजरच्या मर्जीवर. मॉलमधल्या शाखांपेक्षा, जिथे परदेशी लोक राहतात त्या भागातली मोठी शाखा गाठा. पासपोर्ट, भाडेकरार, टीएम ३० आणि इमिग्रेशनचा रहिवासी दाखला जवळ ठेवा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका: रिटायरमेंट व्हिसासाठी खातं हवंय, आठ लाख बाट बाहेरून येणार आहेत, हे पहिल्याच वाक्यात सांगा. नुसतं ‘सेव्हिंग अकाउंट’ म्हटलं की वर्क परमिट मागतात. सोबत अपघात विमा गळ्यात मारायला बघतात. खातं होत असेल तर तोंड वाकडं न करता घ्या. एजंटापेक्षा स्वस्तच पडतो.

मराठी माणसाचं खास दुखणं दोन ठिकाणी. एक, सही. कित्येक ज्येष्ठांची पासपोर्टवर सही मराठीत असते आणि फॉर्मवर सवयीने इंग्रजीत होते. काउंटरवरची मुलगी पासपोर्ट आणि फॉर्म शेजारी धरून बघते आणि फॉर्म परत सरकवते. पासपोर्टवर आहे तीच सही, प्रत्येक झेरॉक्सवर, निळ्या शाईने. दुसरं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. थाई खात्यावर पासपोर्टप्रमाणे तिन्ही नावं येतात आणि आपल्या बँकेत दोनच असतात. या फरकावर रक्कम अडकू शकते. निघण्याआधी आपल्या शाखेत नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या.

पैसे पाठवायचे तेव्हा तुम्ही बँकॉकमध्ये असता, आणि खाते क्रमांक नुकताच हातात आलेला असतो. म्हणून परदेशी रकमेची सोय नेटबँकिंगवर आधीच सुरू करून ठेवा. रोजची मर्यादा आणि नवा लाभार्थी जोडल्यावर थांबायचा वेळ शाखेत विचारा. भारतीय सिमचं रोमिंग चालू हवं, नाहीतर ओटीपी येत नाही आणि सगळं ठप्प. रक्कम स्विफ्टनेच, म्हणजे आपल्या बँकेतून थेट परदेशी बँकेत, पाठवा. स्थानिक बँकेतून वळवून देणाऱ्या ॲपने पैसे आले तर पासबुकात ते देशातलेच दिसतात आणि इमिग्रेशन ते धरत नाही. मधल्या बँका शुल्क कापतात, म्हणून ८ लाख २० हजार बाट पोचतील असं बघा. ७,९९,६०० म्हणजे शून्यच.

बाट पावणेतीन रुपये धरला तर हे बावीस लाख होतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँकेने घ्यायचा आगाऊ कर, आहे. सगळं एकाच आर्थिक वर्षात पाठवलं तर २ लाख ४० हजार कापले जातात आणि रिटर्न भरल्यावर सुटतात. दहा लाख मार्चअखेर आणि बाकी १ एप्रिलनंतर पाठवले तर कपात ४० हजारांवर येते. त्यासाठी ५ मार्चच्या आसपास उतरा आणि १० एप्रिलच्या आत अर्ज द्या. १३ ते १५ एप्रिल सोंग्क्रान, म्हणजे थाई नववर्ष, कार्यालयं बंद. आणखी एक: एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवलेले पैसे नुसते पडून राहिले तर १८० दिवसांत परत आणण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याबद्दल सीएकडून लेखी उत्तर घेऊनच निघा.

इमिग्रेशनचा अर्ज बँकॉकमधल्या चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात, इमारत बी. व्हिसाशिवाय आलेल्यांना टीएम ८७ फॉर्म, टूरिस्ट व्हिसावाल्यांना टीएम ८६. फी २,००० बाट. बँकेचं पत्र आणि पासबुकातली नोंद त्याच दिवसाची हवी. सकाळी शंभर बाट भरून पासबुक छापून घ्यायचं, मग निघायचं. पैसे बाहेरून आल्याचं बँकेचं पत्र वेगळं मागा, नेहमीच्या पत्रात ते नसतं. बारा ते एक जेवणाची सुट्टी असते, त्यामुळे साडेआठला दारात उभे राहा.

मंजूर झालं की ९० दिवस मिळतात, वर्ष नाही. वर्षाची मुदतवाढ या ९० दिवसांच्या शेवटच्या महिन्यात, टीएम ७ वर, १,९०० बाट भरून. तोवर आठ लाख दोन महिने न हलता असले पाहिजेत. मुदतवाढ मंजूर झाल्यावर आणखी तीन महिने तेवढेच, पुढे कधीही चार लाखांखाली नाही. ‘पैसे आम्ही दाखवतो’ म्हणणारे एजंट हजारो बाट घेतात. अधिकृत खर्च ३,९०० आहे. शिवाय पुढच्या वर्षी पासबुकात हे पैसे मुरलेले नसतात, म्हणजे कायमचे त्याच एजंटाच्या दारात.

मग पुण्यातूनच ओ-ए व्हिसा, म्हणजे निघण्याआधीच मिळणारा रिटायरमेंट व्हिसा, का नको? त्याला पोलिस दाखला, वैद्यकीय दाखला आणि आरोग्य विमा लागतो, आणि सत्तरीनंतर तो विमा महाग पडतो. थायलंडला जाऊन बदलून घेतलेल्या, म्हणजे वर सांगितलेल्या, ओ व्हिसाला विम्याची अट नाही. सत्तरीच्या आत असाल आणि तब्येत धड असेल, तर मात्र ओ-एच करा. बँकांच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा बरं.

शिक्का मिळाल्यावर दिवाळीला घरी यायची घाई होते. री-एन्ट्री परमिट न घेता विमानात बसलात तर मिळालेली मुदत तिथेच संपते आणि सगळं पहिल्यापासून. टीएम ८, एका फेरीचे १,००० बाट, कितीही फेऱ्यांचे ३,८००. वर्षात चार वेळा येणार असाल तर दुसरं घ्या.