प्लेट घासायची नसते, उलटायची असते

कागदाची फुलं, अक्षरं कापायच्या डाय-कटिंग मशीनची नवीकोरी कटिंग प्लेट पहिल्यांदा मशीनमधून बाहेर येते ना, तेव्हा काळजात चर्र होतं. आरपार दिसणारी स्वच्छ वस्तू, वरचा कागद नुकताच सोलून काढलेला, आणि एकाच फुलाने तिच्यावर कायमचा ओरखडा. मग माणूस ती धुतो, पुसतो, उजेडात धरतो, परत पुसतो. ओरखडा जात नाही आणि जाणारही नाही, कारण डायची, म्हणजे कापायच्या साच्याची, धार कागदातून पार होऊन थोडी प्लेटमध्ये शिरते तेव्हाच कागद नीट सुटतो. म्हणजे ओरखडा उठला तरच काम झालं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी साफसफाई आपोआप बंद पडते.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: हँडल फिरवायचं छोटंसं मशीन, आत दोन रोलर. खाली एक प्लेट, तिच्यावर कार्डस्टॉक म्हणजे कार्डाचा जाड कागद, त्यावर धातूची पातळ डाय धार खाली करून, आणि वरून दुसरी प्लेट. या थराला सगळेच सँडविच म्हणतात. प्लेट साधारण 3 मिलिमीटर जाडीची. कॅलिफोर्नियातल्या एलिसन कंपनीने 1977 मध्ये शाळांसाठी अक्षरं कापायची मशीन काढली, त्यांचंच सिझिक्स हे घरगुती मशीन 2001 पासून घराघरात शिरलं. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये हेच काम मोठ्या पंचिंग मशीनवर चालतं, पण तिथे खाली पोलादाची प्लेट असते, त्यामुळे त्या लोकांना आपल्यासारखं प्लेटचं कौतुक करत बसावं लागत नाही.

आवाजाचं एक सांगायला हवं. प्लेटा रोलरखालून जाताना कडकड, कट्ट असा आवाज करतात. आमच्या घरी मशीन आलं तेव्हा सासूबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून धावत आल्या, "आगो बाय, मोडलें गो तें!" मोडलं काहीच नव्हतं. दाबाखाली प्लेटा किंचित वाकतात आणि परत सरळ होतात त्याचा तो आवाज, थोडाफार असणारच. आता त्या आवाज आला नाही तरच विचारतात.

खरी भानगड प्लेटला बाक येतो ती आहे. एकाच बाजूवर सतत कापत राहिलं की प्रत्येक कापासरशी प्लॅस्टिक जरा बाजूला रेटलं जातं, ती बाजू हळूहळू पसरते आणि प्लेट होडीसारखी वर येते. मग ती टेबलावर डुगडुगते आणि मशीनच्या तोंडाशी अडते. लोक ती गरम पाण्यात घालून, उन्हात ठेवून, कोणी म्हणे ओव्हनमध्ये ठेवून सरळ करायला बघतात, मला तरी हे अजिबात पटत नाही. उपाय बिनखर्चाचा आहे: प्रत्येक वेळी प्लेट उलटायची, म्हणजे काल वरची बाजू होती ती आज खाली, दोन्ही बाजू सारख्या झिजल्या की बाक आपला आपणच निघतो. आणि डाय मधोमध, सरळ ठेवायची नाही. जराशी तिरकी ठेवली की लांब सरळ धार एका दमात रोलरखाली येत नाही, हँडल हलकं फिरतं, प्लेटवर ताणही कमी. जागाही बदलत राहायची, नाहीतर मध्ये खळगा पडतो आणि नेमका तिथेच कागद अर्धवट कापला जातो. तसं झालंच तर त्या जागी कागदाचा एखादा तुकडा जास्तीचा सरकवायचा, झालं.

धुवायचं कधी मग? ग्लिटरवाला कार्डस्टॉक कापल्यावर, यात मी काहीच तडजोड करत नाही. ग्लिटर ओरखड्यांत जाऊन बसतं आणि पुढच्या पांढऱ्याशुभ्र कार्डावर चमचमत उगवतं, तेही नेमकं कोणाच्या तरी दुखवट्याच्या कार्डावर. शाईचंही तसंच, ओल्या स्टॅम्पिंगवर मशीन फिरवलं की प्लेटला छाप लागतो आणि तो पुढच्याच्या गळ्यात पडतो. कागदाचा कपटा अडकून राहिला तर त्याचा उंचवटा एम्बॉसिंगमध्ये, म्हणजे कागदावर उठावाची नक्षी काढताना, उमटतो. यासाठी कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, जुना टूथब्रश ओरखड्यांच्या दिशेने फिरवायचा, सुती फडक्याने टिपायचं. तारेचा काथ्या नाही, सुरी नाही. स्टिकरचा गोंद चिकटला तर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवायचं, मग साबण. कोरोनापासून घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या पडून आहेत, त्या डायवरचा चिकटा काढायला चालतील, पण प्लेटला नको, अॅक्रिलिक असेल तर अल्कोहोलने बारीक बारीक तडे जातात आणि आपली प्लेट कसली आहे हे पाकिटावर लिहिलेलं असतंच असं नाही. एम्बॉसिंगसाठी मात्र एक प्लेट वेगळी ठेवलेली बरी, तिच्यावर कधीच डाय ठेवायची नाही, घरातले कितीही म्हणोत की "एकदाच तर आहे".

हे सगळं ठीक, पण गोव्यात प्लेटला शिव्या घालायच्या आधी महिना कुठला चाललाय ते बघावं. आमचा कागदकामाचा खरा सीझन चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, मखराच्या जाळ्या, निमंत्रणाची कार्डं, गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीखाली लावायच्या पट्ट्या. आणि कागदाला इथे कमी कोणी लेखत नाही, काही घरांत तर गणपतीच कागदाचा, चित्राचा पुजतात. हा सीझन येतो कधी, तर नुकता जुलै सरलेला, भिंती घामेजलेल्या, कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी. त्या हवेत कार्डस्टॉक ओलावा पितो, फुगतो, मऊ पडतो आणि मग धार कापायच्या ऐवजी कागद दाबत जाते, कडेला लव सुटते. माणूस म्हणतो प्लेट गेली, नवीन मागवा. प्लेट धडधाकट असते, कागद दमट असतो. मी कार्डस्टॉक झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते, आणि पूर्वी लोक ओल धरू नये म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवायचे तसा अजूनही लावते, वीजबिलाचं नवरा बघतो.

डायचं दुखणं वेगळं, त्यांना गंज चढतो. पोलाद ते, पावसात किती दिवस तग धरणार. धुतल्या तर लगेच कोरड्या पुसायच्या, मॅग्नेटिक शीटवर चिकटवून पाकिटात ठेवायच्या. तेल लावा म्हणतात, पण तेलाचा डाग कार्डावर येतो, त्यापेक्षा डाय आणि कागदाच्या मध्ये बटर पेपरचा तुकडा घालून एकदोनदा फिरवलं की कागद पटकन सुटतो, टोचणीने उकरत बसावं लागत नाही.

तिरक्या उजेडात माझी जुनी प्लेट बघितली तर एकावर एक सगळं गिचमीड दिसतं, अबोलीची पाकळी, नाताळचा स्टार, त्याच्यावरून गेलेलं "शुभ" मधलं अर्धं अक्षर. वापरून वापरून मध्यभागी पोळपाटासारखी खोलगट झालीय. नवीन जोडी घ्यावी की नाही याचा विचार चालू आहे, कारण जोडीने घ्यावी लागते, एक नवी आणि एक झिजलेली असली की दाब जमत नाही. हिला मात्र टाकणार नाही. कार्डाला गम लावताना खाली ठेवायला अशी प्लेट उत्तम, आणि सासूबाईंनी चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, कापायच्या चक्रीखाली ठेवायला मागितलीय, त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.