तुम्ही विचारलंत म्हणून: स्प्रिंग सगळ्यात शेवटी

माझ्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल) ट्रकचं मागचं सस्पेन्शन बघितलं की लोक हमखास विचारतात, "स्प्रिंग कुठली टाकलीय?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं स्प्रिंगचं नाव सांगून तुमचा ट्रक तसा चालणार नाही, स्प्रिंग मी सगळ्यात शेवटी ठरवली.

आधी लिंक, म्हणजे अ‍ॅक्सलला चॅसीशी (ट्रकच्या सांगाड्याशी) जोडणारे दांडे. ट्रक १:१० स्केलचा, मागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर), म्हणून चार लिंक घेतल्या, खालच्या दोन जवळजवळ समांतर आणि वरच्या दोन तिरक्या, अ‍ॅक्सलच्या मधोमध जवळ येणाऱ्या. या तिरक्या लिंकच अ‍ॅक्सलला डावीउजवीकडे सरकू देत नाहीत, त्यासाठी वेगळा आडवा दांडा, म्हणजे पॅनहार्ड रॉड, लागत नाही. आता ट्रक बाजूने बघा. वरची आणि खालची लिंक पुढे वाढवत नेली तर जिथे छेदतील तो बिंदू धरा, मागचं टायर जमिनीला टेकतं तिथून त्या बिंदूपर्यंत रेष काढा, ती किती चढी आहे त्यावर थ्रॉटल दिल्यावर मागची बाजू बसणार की उचलणार ते ठरतं. फार चढी झाली की चढावर चाकं टणाटण उडतात, ग्रिप जाते, आणि मग शॉक (स्प्रिंग आणि ऑइलवाला धक्काशोषक) कितीही भारी लावा, उपयोग नाही. म्हणून चॅसीवर वरच्या लिंकसाठी एकाखाली एक अशी जास्तीची भोकं ठेवाच, खरं ट्यूनिंग तिथेच होतं.

हे सगळं मी आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या लावून हलवून बघतो, कॉम्प्युटरवर नंतर. वरची लिंक फार आखूड असली तर अ‍ॅक्सल वर जाताना स्वतःभोवती फिरतो आणि ड्राइव्हशाफ्टचा (अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट नको त्या कोनात जातो, ते पुठ्ठ्यावर लगेच दिसतं.

मग शॉक. शॉक तिरका असल्यामुळे चाक १० मिमी वर गेल्यावर तो ७ मिमीच दबत असेल तर चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या कडकपणाच्या ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९ पट, निम्मासुद्धा नाही! तीच स्प्रिंग तुमच्याकडे शॉक उभा असेल तर दुप्पट कडक वाटेल, म्हणून तर नाव सांगायचं टाळतो.

स्प्रिंग निवडताना मी ट्रक स्वतःच्या वजनाने किती बसतो ते बघतो. खरा ट्रक १०० मिमी बसत असेल तर आपला १० मिमी बसायला हवा. तेवढं जमलं तरी मॉडेल खऱ्यापेक्षा साधारण ३.२ पट वेगाने हलतं, दहाचं वर्गमूळ, ते काही टळत नाही, पण व्हिडिओ तेवढा स्लो केला की चाल अगदी खऱ्यासारखी दिसते आणि मला त्यातच सगळा आनंद आहे.

शॉकमधलं ऑइल त्यानंतर: मागचा भाग दाबून सोडला की वर येऊन मूळ जागेच्या किंचित वर जाऊन थांबला पाहिजे, डुलत राहिला तर अजून जाड ऑइल. तुमचा शॉक किती तिरका आहे आणि मागच्या चाकांवर वजन किती येतं ते मोजून कळवा, मग स्प्रिंगचं बोलू.