दालन क्रमांक ४६ च्या बाहेर

मुंबईतल्या दोन दिवसांच्या मुक्कामात उकाडा आणि लोकलची गर्दी यांपलीकडे सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. अपवाद मुंबई उच्च न्यायालयाची इमारत पाहण्यात गेलेल्या तासाभराचा.

फोर्टचे तट १८६० च्या दशकात पाडले गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत, ओव्हल मैदानाच्या कडेने सरकारी इमारतींची जी ओळ उभी राहिली, तिच्यातली ही ५६२ फूट लांबीची वास्तू. कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यानुसार १८७१ मध्ये काम सुरू झाले आणि १८७८ मध्ये पूर्ण झाले. टोकदार कमानी, उतरती छपरे, मधला उंच मनोरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या अष्टकोनी बुरुजांवर न्याय व दया यांच्या मूर्ती, हा सारा थाट युरोपातल्या गॉथिक शैलीचा आहे. दगड मात्र आपला, सह्याद्रीचाच काळा बेसॉल्ट. गडकिल्ल्यांवर फिरताना ज्याला हात टेकून दम खाल्ला, तोच दगड येथे घडीव चिऱ्यांच्या रूपात भेटला, तेव्हा परकेपणा बराच ओसरला. आतल्या कोरीवकामात एका डोळ्यावर पट्टी बांधून हाती तराजू धरलेले माकड आहे. न्यायाच्या घरात हे कोरण्याचे धाडस ज्या कारागिरांनी केले, त्यांची नावे मला तेथे कोठेही आढळली नाहीत, याची खंत वाटते.

मी खरे तर हे कोरीवकाम पाहण्यासाठीच गेलो होतो. पण दुसऱ्या मजल्यावरील मध्यवर्ती न्यायदालनाबाहेर, लोकमान्य टिळकांच्या उद्गारांच्या फलकासमोर पाय थांबले ते थांबलेच. १९०८ च्या जुलैमध्ये याच दालनात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केले. नऊ ज्युरींपैकी सात युरोपीय होते. त्या सातांनी त्यांना दोषी ठरवले, उरलेल्या दोघांनी निर्दोष. ज्या दिनशा दावर यांनी १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता, त्यांनीच न्यायाधीश म्हणून २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. शिक्षेआधी टिळक जे बोलले, की ज्युरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोषच आहे, ते शाळेत मी गुणांसाठी पाठ केले होते. त्या पाठांतराची येथे मला लाज वाटली, कारण ते शब्द उच्चारताना समोर केवढी भक्कम सत्ता बसलेली होती, हे त्या भिंतींची जाडी पाहिल्याशिवाय मला कळलेच नव्हते. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते १९५६ मध्ये हा फलक येथे बसवला गेला. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्यानेच आपल्या भिंतीवर आरोपीचे शब्द कोरून ठेवावेत, हे मला या इमारतीतल्या सर्व शिल्पांहून मोठे वाटते.

आमचा गट पुढे निघून गेला होता; मला बोलावण्यासाठी कोणीतरी परत आले. बाहेर पडल्यावर वळसा घालून ओव्हलवर गेलो आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या पाहत, त्या रात्री कोणत्या खिडकीत उजेड असेल, याचा बराच वेळ अंदाज बांधत राहिलो.