मे महिन्यात स्फटिकाचं पाणी मोजून काढताना

प्रथिनाचा स्फटिक मिठाच्या खड्यासारखा टणक नसतो. त्यात साधारण निम्मं पाणीच असतं. १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिनचा स्फटिक त्याच्याच द्रवात ओला ठेवला, म्हणून तर एक्स-रे चित्रात ठिपके उमटले. या ठिपक्यांवरूनच प्रथिनाची बांधणी काढतात.

स्फटिक ज्या थेंबात वाढतो तो कव्हरस्लिपला, म्हणजे पातळ काचेला, लटकलेला असतो. नागपूरच्या मे महिन्यात ती काच उचलली की थेंब डोळ्यांदेखत आटतो. एका दुपारी नेमकी लाइट गेली आणि एसी बंद पडला. लाइट जनरेटरवर आल्यावर प्रयोगशाळेतल्या काकांनी विचारलं, "मॅडम, कूलर लावून देऊ काय?" मी नको म्हटलं. कूलर दमट हवा देतो, पण किती दमट ते त्याच्या हातात नसतं. मला ओलावा मोजून हवा होता.

आमच्या एन्झाइमचे स्फटिक दिसायला देखणे, पण इंदूरच्या इंडस-२ या एक्स-रे देणाऱ्या सिंक्रोट्रॉनवर ३.८ अँगस्ट्रॉमच्या पुढे ठिपकेच नाहीत. हा आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक. एवढ्यावर प्रथिनाची बांधणी नीट उभी करता येत नाही. स्फटिकातलं पाणी थोडं कमी केलं तर कधी कधी ठिपके सुधारतात. त्यासाठी ठरावीक आर्द्रतेची हवा स्फटिकावर सोडणारं यंत्र फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएमबीएल या जीवशास्त्र प्रयोगशाळेत तयार झालं आहे. आमची खरेदी समिती म्हणते, आधी निकाल दाखवा. यंत्र मागायचं ते निकालासाठीच ना!

म्हणून क्षार वापरले. बंद खळग्यात क्षाराचं संपृक्त द्रावण (आणखी क्षार विरघळणार नाही असं) ठेवलं की वरच्या हवेची आर्द्रता ठरते: २५ अंशांना पोटॅशियम सल्फेटवर सुमारे ९७ टक्के, नायट्रेटवर ९४, क्लोराइडवर ८४. थेंबासकट कव्हरस्लिप एका खळग्यावरून दुसऱ्यावर, कडेला ग्रीस लावून, प्रत्येक पायरीवर रात्रभर. पाणी घाईने गेलं तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात. सावकाश गेलं तर रेणू जवळ सरकून नव्या जागी एकमेकांना धरतात. क्लोराइडवरचे सगळे दुधाळ झाले. नायट्रेटवरचे त्या दुपारी पॅराफिन तेलाखालून लूपने, म्हणजे बारीक फाशाने, उचलले आणि थेट द्रव नायट्रोजनमध्ये सोडले. तेलाशिवाय नागपूरच्या हवेत हे करूच नये.

इंदूरला त्यातल्या एकाने २.६ अँगस्ट्रॉमपर्यंत ठिपके दिले. युनिट सेलची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान चौकटीची, एक बाजू आखूड झाली होती. त्याच थेंबातला, तेवढ्याच आकाराचा दुसरा मात्र आधीपेक्षाही वाईट निघाला.

"एक मिळाला ना, पुढे चला," असं आमचे वरिष्ठ म्हणतात. मला ते पटत नाही. दुसरा पाणी गेल्याने बिघडला की गोठवल्याने, हे कळल्याशिवाय पुढचा थेंब कुठे थांबवायचा? आता काही स्फटिक न गोठवता केशनळीत घालून, शेजारी नायट्रेटच्या द्रावणाचा थेंब ठेवून, दोन्ही टोकं मेणाने बंद करून खोलीच्या तापमानालाच चित्र घ्यायचं आहे.