टाकीत उतरायच्या आधी

फ्रान्समध्ये लिऑनला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. सप्टेंबरात द्राक्षतोडणीला माणसं लागतात म्हणून उत्तरेकडे बोजोले भागात, व्हिलिए-मोर्गों गावी कामाला गेलो. तिथलं लाल वाइनचं द्राक्ष एकच, गामे. आपल्याकडे मांडव असतो तसलं काही नाही, जुनी झाडं म्हणजे गुडघ्याएवढी झुडपं, दिवसभर वाकून कात्री चालवायची. घड देठासकट अख्खा लागतो, म्हणून सगळं हातानेच.

अख्खा का ते टाकीपाशी गेल्यावर कळलं. घड तसेच ओततात, वजनाने तळाचे फुटतात, रस आंबायला लागतो आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकीभर पसरतो, मग वरचे मणी त्या गॅसमध्ये न फुटताच आतल्या आत आंबतात. गामेच्या वाइनला तो ताज्या फळांचा वास येतो त्यात याचा मोठा हात आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जी नवी वाइन विकायला काढतात तिला चार-पाच दिवस बास होतात, मोर्गोंला, म्हणजे या गावच्या वाइनला, जास्त.

तर त्या दिवशी पहिली टाकी रिकामी करायची होती. खालून रस काढून घेतला, उरला चोथा, तो आत उतरून काट्याने उपसून प्रेसमध्ये टाकायचा. आमच्यातला एक पोलिश पोरगा, अंगाने दणकट, बूट धुऊन थेट शिडीवर चढला आणि एक पाय आत टाकणार तेवढ्यात मालकांनी मागून त्याचा पट्टा धरून असा खेचला की दोघंही ओल्या फरशीवर आपटले. म्हातारा पासष्टीचा असेल हो! आम्ही हसलो, ते मात्र हसले नाहीत. दोरीला बांधून गॅस मोजायचा मीटर आत सोडला, तो लगेच कोकलायला लागला. एक लिटर रस पूर्ण आंबला तर चाळीसेक लिटर गॅस निघतो, तो हवेपेक्षा जड, दिसत नाही, बुडाशी साचून राहतो. माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. पूर्वी मेणबत्ती सोडून बघायचे म्हणे, पण ती विझायच्या आधीच हवा माणसाला घातक झालेली असू शकते.

पंखा लावून मीटर गप्प होईपर्यंत थांबलो. मग उपसलेल्या त्याच चोथ्यावर मालकीणबाईंनी सॉसेज शिजवलं, ही तिथली खास डिश, वाफेत दारूचा आणि द्राक्षाचा वास मुरतो, सोबत उकडलेले बटाटे. वाइन आदल्या वर्षीची, तळघरातली, गारसर. लाल वाइन गार नको असं म्हणणाऱ्यांनी मोर्गों चौदा-पंधरा डिग्रीला पिऊन बघावी. तुरटपणा कमी, आंबटपणा चांगला, त्यामुळे डुकराच्या चरबीला ती मस्त कापते, कोंबडी, मशरूम, शेळीचं चीज यांच्याबरोबरही जाते. तांबड्या रश्श्याबरोबर मी तरी पिणार नाही, अल्कोहोलने तिखट अजून चढतं.

चक्क 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने हे गामे द्राक्ष वाईट ठरवून उपटायचा हुकूम काढला होता. जेवताना मालकांनी हे सांगितलं आणि ड्यूकला एक अस्सल शिवी हासडली. पोलिश पोरगा तोवर तिसरं सॉसेज घेत होता.